ताटातलं उरलेलं

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सहा पूर्णांक नऊ! गेल्या वर्षी पाच पूर्णांक आठ होती. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा असा चढून बसलाय आणि डॉक्टरीणबाई हसून म्हणतात, "घाबरू नका आजी." मी घाबरले नाही. मला राग आला. सात वर्षांमागं ह्याच सोलापूरच्या दवाखान्यात पोट लहान करून घेतलं. एकशे आठ किलोची एकोणसत्तरवर आले. सकाळ-संध्याकाळची इन्सुलिनची सुई सुटली. मला वाटलं, मिटलं प्रकरण. आता म्हणतात, मिटलेलं नसतं ते.

बाई म्हणाल्या, "ऑपरेशन एकदाच असतं, पण शरीर सांभाळायचं रोज असतं. वजन पाच किलो परत आलंय. रक्त कमी आहे. बी-बाराची इंजेक्शनं कधी बंद केली?"

मी छताकडं बघत होते. ह्यांनी सांगून टाकलं, "दोन वर्सं झाली. बरी हाय की ती. कशाला टोचायचं?"

नवऱ्याला दवाखान्यात न्यायचंच नाही खरं तर.

फेब्रुवारीत परत तपासायचं. आकडा सातच्या वर गेला तर गोळी सुरू. आता मागच्या वेळीही गोळीच होती आधी. मग दोन झाल्या, मग सुई आली. माझ्या अव्वाला, म्हणजे आईला तर सुईच्या पुढं पायाची दोन बोटं द्यावी लागली. ही वाट मला तोंडपाठ आहे. त्या वाटेनं परत जायचं नाही. एवढं एकच ह्या वहीत ठरवून लिहिते.

वही बाईंनीच लिहायला लावली. "तोंडात जे जाईल ते लिहा." त्यांना वाटलं म्हातारीला लिहिता येत नसेल, सुनेकडं बघून बोलल्या. मी दुसरीपर्यंत शाळा केली, पुढची अक्षरं खताच्या पोत्यांवरून आणि पुड्याच्या कागदावरून लावली. लिहिते की. पण तोंडात जातं तेवढंच लिहिणार नाही, तोंडातून बाहेर येता येता राहतं तेही लिहिणार.

दवाखान्याखाली दोन इडल्या घेतल्या. माझी अर्धीच गेली. उरलेली ह्यांनी नेहमीसारखी ओढून घेतली आणि चटणीची वाटी पाणी घालून पिऊन टाकली. शेजारच्या बाकावरची माणसं बघत होती. बघू देत. आम्ही लिंगायत, ताटात टाकत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज तोंडात गेलं ते: चहा. चहा. चहा. अर्धी भाकरी. चहा. चहा.

लिहून बघितलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पण हे मी मागून घेत नाही हो! ऑपरेशन झाल्यापासून सगळ्या माकणी गावाला माहीत आहे की प्रेमाबाईला जेवण जात नाही. मग जिथं जाईन तिथं, "जेवण तर जाईना बिचारीला, चहा तरी घ्या." आणि ताकद यावी म्हणून साखर दुप्पट. आज दिवाळीचा डबा परत द्यायला गल्लीतल्या लक्ष्मम्माकडं गेले. डबा हातातून घ्यायच्या आधी तिनं आधण ठेवलं. मी म्हटलं, "आत्ताच पिऊन आले." ती म्हणते, "त्यो तिकडचा. ह्यो माझा."

तोही प्याले.

९ नोव्हेंबर, शनिवार

महेश्वरी, माझी सून, गुणाची आहे. पण हट्टाला पेटली की ऐकत नाही. बाईंनी सांगितलं म्हणून आज तिनं ताटात आधी नुसती मटकीची उसळ वाढली. दही वाढलं. भाकरी तशीच दुरडीत ठेवली.

"आत्या, आधी हे. मग भाजी. जागा राहिली तर भाकरी."

हे हसायला लागले. "अगं, उसळ काय नुस्ती खायची असती व्हय? घोड्याला चंदी घातल्यावानी."

"मामा, त्यांच्या पोटात चार घास मावतात. चार घास भाकरीचेच गेले तर अंगात काय राहणार?"

बरोबर आहे तिचं. पण मटकी नुसती चावत बसायची म्हणजे शिक्षाच. आणि जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही. गळ्यात घास आणि समोर तांब्या! प्रोटीनची पावडरही आणलीय, ती चुन्याच्या निवळीसारखी लागते. बाई आधी अंडं म्हणत होत्या. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. मग म्हणाल्या, "बरं, हुलगे खा, पनीर खा."

माझी उसळ संपेपर्यंत सवयीप्रमाणं गौरीशंकरनं, मुलानं, माझ्या ताटात दोन भाकरी टाकलेल्याच होत्या. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या ताटात एक भाकरी वाढत नाहीत. बघणारा म्हणेल, सून हात आखडते. मी एकीचा चतकोर मोडला. बाकीची ह्यांच्या ताटात गेली. "तुझ्या पोटाचं भाडं माझं पोट भरतंय," म्हणाले. सात वर्षं हाच एक विनोद. तरी मला हसू येतं, काय करू.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मोठ्या नणंदबाई आल्या मुरूमहून. सिद्धम्मा अक्का. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येची रानातली पूजा, होईपर्यंत राहणार म्हणतात. म्हणजे दीड महिना. आल्या आल्या माझ्या दंडाला चिमटा काढून बघितला, बाजारात कोंबडं बघतात तसा, आणि म्हणाल्या, "प्रेमा, शंभूनं तुला वाळवण घातलंय का काय?"

हे तिकडं खूश. बहीण आली की ह्यांना ताटाबरोबर प्रेक्षक मिळतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्तिकी पौर्णिमा. अक्कांनी पुरण घातलं. पोळी मला जड जाते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून मायेनं वाटीभर गुळवणी दिली. "हे तर पाणीच हाय. पाण्याला काय जागा लागती?" मी मराठीत बास म्हटलं, कानडीत साकु म्हटलं, हातानं वाटी झाकली. बोटांच्या फटीतून तूप सोडलं बाईनं!

प्याले. गोड लागली. खोटं कशाला लिहू.

दोन तासांनी भांडी लावता लावता हात थरथरायला लागले. घाम असा की चोळी ओली. डोळ्यापुढं चांदण्या. हे आले धावत, बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. वर्षभर ह्यांच्या खिशात तो खडा असतो, अशी वेळ चार-पाचदा आली म्हणून. पण आज महेश्वरीनं आधी बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं. साखर चोपन्न.

बरं वाटलं. आणि तासाभरानं परत तेच. चांदण्या, घाम.

महेश्वरीनं सोलापूरला फोन लावला आणि तो मोठ्यानं सगळ्यांना ऐकवला. बाई म्हणाल्या, अशा ऑपरेशननंतर काहींना असं होतं. गोड पातळ पदार्थ लहान पोटात थांबत नाही, भराभर खाली उतरतो. रक्तात साखर एकदम वर जाते, मग शरीर घाबरून ती एकदम खाली ओढतं. अशा वेळी थोडी साखर द्या, ते बरोबर, पण पाठोपाठ दही नाहीतर शेंगदाणे द्या. आणि गुळवणी, सरबत, गोड चहा, हे मुळात बंदच करा.

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाल्या, "गोड खाऊन साखर उतरती? मग मीठ खाऊन तहान भागत असंल."

"आत्याबाई, डॉक्टर म्हणतायत," महेश्वरी म्हणाली.

"डॉक्टरला गुळवणी करता येती का इचार."

मी आत जाऊन पडले. एकीकडं साखर वर चढतेय म्हणून सुईची भीती, दुसरीकडं खाली पडतेय म्हणून हातपाय गार. ह्या शरीरानं एकदा काय ते ठरवावं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांनी खिशातला गूळ काढून शेंगदाणे भरले. मी बघितलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चहा बंद करून पाचवा दिवस. डोकं ठणकतंय. जगात एवढे रिकामे कप पहिल्यांदा दिसले.

२४ नोव्हेंबर, रविवार

लोहाऱ्याहून शरणबसप्पा आले होते, ह्यांच्या ओळखीतले. त्यांच्या मुलीचं वजन लई आहे, साखरही आहे, तिचं असंच ऑपरेशन करायचं घाटतंय. माझ्याकडं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसं बघत होते. "वैनी, एकदा केलं की झालं ना?"

झालं? लग्न लावलं म्हणजे संसार झाला का? मी त्यांना आत नेऊन फळीच दाखवली. लोखंडाची गोळी, चुन्याची गोळी. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, एकमेकींचं काम बिघडवतात. एक सकाळी, एक रात्री. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची. महिन्याला बी-बाराचं इंजेक्शन, ते दोन वर्षं मी बुडवलं म्हणून तळपायाला मुंग्या येतात, केसांचा हा एवढासा आंबाडा उरलाय. ते म्हणाले, "मंग एवढं जन्मभर करायचं तर ऑपरेशनचा उपेग काय?"

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. म्हटलं, "उपयोग? मी तुळजापूरच्या पायऱ्या चढून आले. आधी उंबरा चढता येत नव्हता. सात वर्षं झाली, सुई नाही मला. पोरीला करायचं तर खुशाल करा. पण नंतर तिला वाऱ्यावर सोडू नका. तिला डाळ आधी खाऊ द्या. चहाचा आग्रह करू नका."

ते मान हलवत ऐकत होते. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. दोन कप! एक माझा.

१ डिसेंबर, रविवार

गावात झालंच शेवटी. लक्ष्मम्माच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले, चहाला नको म्हटलं, ताक मागितलं. ताक नव्हतं. आता गल्लीभर बोलणं उठलंय, प्रेमाबाईला आता गरिबाघरचा चहा चालंना, बारीक झाल्यापासून लई नखरे आलेत. लक्ष्मम्मा, जिच्या बाळंतपणात मी दिवसरात्र उशाशी बसले, ती मला आज हौदावर बघून घागर घेऊन वळली.

हिला काय समजावू? रक्तातली साखर कशी उड्या मारते ते? मलाच अजून नीट कळलेलं नाही.

घरी आले तर हे दारात बसून माझी वाट बघत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग उद्यापास्नं म्या येत जाईन संगं. तुझ्या वाटणीचा चहा म्या पीन. कुनाचं मन बी मोडायचं न्हाय."

भोळा शंकर आहे नुसता.

५ डिसेंबर, गुरुवार

आले खरंच बरोबर. तीन घरी गेलो. माझा कप बशीसकट त्यांच्याकडं. बायका खूश, मी खूश. लक्ष्मम्मासुद्धा बोलली. म्हणाली, "मालक असावा तर असा."

८ डिसेंबर, रविवार

तुरीच्या रानात ह्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. चपलेतून आरपार. मी सुईनं काढला, हळद-तेल लावून बांधलं. ओरडले पण नाहीत. उलट मलाच म्हणतात, "तुझा हात लई हलका झाला गं."

आज खाणं: वाटीभर हुलग्याचं पातळ माडगं, पनीरचे तुकडे, दोन घास भाकरी. उद्या सोमवारी बी-बाराचं टोचून घ्यायचं आहे, विसरू नये.

१५ डिसेंबर, रविवार

अक्का आणि महेश्वरीचं वाजलं. मुळात गोष्ट एवढीशी. महेश्वरीनं माझ्यासाठी लहान ताटली काढली, नातवंडांची जुनी, फुलांची नक्षी असलेली. त्यात वाटीभर उसळ, चतकोर भाकरी.

अक्का म्हणाल्या, "घरच्या मालकिनीला पोराच्या ताटलीत वाढतीस? उद्या मला करवंटीत देशील."

"आत्याबाई, मोठ्या ताटात वाढलं की उरतं."

"उरलं तर शंभू हाय की. त्याला कुटं जड झालंय?"

महेश्वरी रडवेली झाली. ताटली आत गेली, मोठं ताट आलं. त्यात दोन भाकरी, भात, उसळ, वर तुपाची धार. मी माझे घास खाल्ले. बाकीचं ह्यांनी आपल्या जेवणावर खाल्लं, ताट धुऊन पाणी प्याले, आणि मग वर आख्खा तांब्या पाणी. इतक्या थंडीत! म्हटलं, "पोटात तळं करायचं ठरवलंय का?" म्हणाले, "तिखट होतं." महेश्वरीच्या हातचं तिखट? तिच्या भाजीत मिरची नुसती डोकावून जाते.

पण मला ते ताटलीचं पटलं होतं. बोलायला हवं होतं सुनेच्या बाजूनं. अक्का मोठ्या, म्हणून गप्प बसले. आता इथं लिहितेय, ह्याचा तिला काय उपयोग.

२३ डिसेंबर, सोमवार

वजन दोन किलो उतरलं. थरथर एकदाही नाही. महेश्वरीला सांगितलं तर तिनं मला मिठीच मारली, पिठाच्या हातांनी. अक्का म्हणाल्या, "उतरलं? उतरलं म्हणून खूश होत्यात का कुनी?"

३० डिसेंबर, सोमवार

येळवस.

सकाळी सगळं घर टेम्पोत भरून रानात. कडब्याची खोपटासारखी कोप गौरीशंकरनं कालच करून ठेवली होती, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडले होते. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, दर वर्षी मीच डोक्यावर घेऊन कोपीपर्यंत जाते. ह्यांनी, गौरीशंकरनं, सगळ्यांनी अडवलं, "वाटेत चक्कर आली तर?" मी ऐकलं नाही. चढवलं डोक्यावर आणि बांधावरून सरळ चालत गेले. मागून सगळी वरात हात पसरून, मी पडले तर झेलायला. एक थेंब सांडला नाही.

आणि जेवताना एक गोष्ट ध्यानात आली, तिचं मला हसू आवरेना. भज्जी! तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या, सगळं एकत्र शिजवलेलं. सोलापूरच्या बाई एवढा वेळ इंग्रजीतून जे मागत होत्या, ते आमच्या रानात वर्षातून एकदा पातेलंभर शिजतं. महेश्वरीला म्हटलं, "ह्याच्यापेक्षा ती पावडर चांगली का?" तिनं माझ्या हातात नुसती भज्जीची वाटी दिली. पोटभर खाल्ली. म्हणजे माझ्या पोटाच्या मानानं.

पण येळवसला आपलंच रान थोडंच असतं. बांधाबांधावरून हाका. "या वो प्रेमाबाई, घास खाऊन जावा." नाही म्हणायची सोय नाही, रानातल्या लक्ष्मीचा अपमान होतो. आणि प्रत्येक ठिकाणी गव्हाची खीर, गूळ घातलेली, आणि ती पळीनं नाही, वाटीनं वाढतात. चार रानं झाली. मी बोटावर घेऊन जिभेला लावायची, आणि ताट ह्यांच्याकडं. पायाला चिंधी बांधून लंगडत होते, तरी बरोबर आले. प्रत्येक कोपीत दोन ताटं निपटली, दोन्ही धुऊन प्याले. लोक म्हणायला लागले, "शंभुअण्णा, पोट हाय का पेव?"

"अर्धं हिचं हाय, अर्धं माझं," म्हणाले.

परत येताना टेम्पोत मी त्यांना म्हटलं, "आज तुम्ही होतात म्हणून वाचले." खरंच वाचले. चार वाट्या खीर पोटात गेली असती तर मी बांधावरच आडवी झाले असते. ते झोपेला आले होते. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

अक्का गेल्या. जाताना माझ्या हातात गुपचूप एक पुडी दिली. उघडली, तर भाजलेले हुलगे. म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरणीचं समाधान कर." दीड महिना भांडून! बस हलेपर्यंत मला रडू येत होतं.

८ जानेवारी २०२५, बुधवार

ह्यांची टाच अजून चिडलेलीच आहे. काट्याचं टोक आत राहिलं असणार. माझाच हात, मीच नीट काढला नाही. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, "घरात एक पेशंट पुरे." ह्यांचे मागचे सदरे सगळे सैल झालेत, महेश्वरीला शिवून लहान करायला दिले. म्हातारपणी माणूस आटतो. माझे सासरेही असेच आटले होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ पदरात बांधून आणला. सगळा ह्यांनी खाल्ला. मी बरणीतले नुसते भाजलेले तीळ खाल्ले आणि गोड बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही फारसं.

२७ जानेवारी, सोमवार

पुढच्या सोमवारी रक्त तपासायचं. अव्वाच्या पायाचं स्वप्न पडतंय. एवढं सगळं करून आकडा वर गेला तर? मटकी चावून चावून दात झिजले. गावाशी वाईटपणा घेतला. तरी वर गेला तर मी काय करायचं राहिलं? रात्रभर सुईचाच विचार. महेश्वरी म्हणते, "आत्या, आकडा काही का येईना, तुम्ही कष्ट घेतलेत." कष्टाला आकडा असता तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सहा पूर्णांक दोन.

परत वाचायला लावलं बाईंना. सहा पूर्णांक दोन. गोळी नाही. सुई नाही. रक्तही वाढलंय. बाई उठून माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, "आजी, हे तुमचं काम आहे. आणि घरच्यांची साथ असल्याशिवाय हे होत नाही." हे लगेच पुढं सरसावले. "व्हय तर. हिच्या वाटणीचं सगळं म्या खाल्लं म्हणून ही वाचली." बाई हसल्या, सगळेच हसलो.

खाली त्याच बाकावर बसून इडली खाल्ली. मी आधी सांबार-डाळ चमच्यानं, मग अर्धी इडली. बाकीची तिकडं. मला एवढं हलकं वाटत होतं की वजनकाट्यावर उभी राहिले असते तर काटा हललाच नसता. येताना तुळजापुरात गाडी थांबवून देवीला नारळ फोडला. प्रसादाचा पेढा ह्यांनी दोघांचा खाल्ला, मी हात जोडले.

बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत यायचं. गोळ्या, इंजेक्शन चालूच. मी म्हटलं, चालेल. आता चालेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्राच्या डबीत सहा पट्ट्या उरल्या होत्या, ह्या महिन्यात मुदत संपते. महेश्वरी म्हणाली, आत्यांना आता एवढ्यांदा टोचायला नको. वाया जाणारी वस्तू ह्यांना बघवत नाही. स्वतःच बोट पुढं केलं. "टाकू नगंस. माझं बघ."

तीनशे अठरा.

यंत्र बिघडलं म्हणाले. माझं बोट लावलं, एकशे चार. परत त्यांचं लावलं, तीनशे अकरा. महेश्वरी खाली बसली आणि त्यांच्या टाचेची चिंधी सोडायला लागली.

दुपारी जेवताना सवयीनं त्यांचा हात माझ्या ताटाकडं आला. मी ताट मागं ओढलं.